वंशावळीची थट्टा आणि वंशावळीचा दाखला : ‘दी चार्दाशफ्युर्स्टिन’ (१९३४), एक प्रकरण अभ्यास

१९३४ साली जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या चित्रपट कंपनीने, म्हणजे ऊफाने, ‘दी चार्दाशफ्युर्स्टिन’ (चार्दाश या हंगेरियन नाचाची राजकुमारी) हा संगीतप्रधान विनोदी चित्रपट काढला. गोष्ट लोकांच्या माहितीची होती, गाणी तोंडपाठ होती आणि नायिका लाडकी होती. वरवर पाहता यात अभ्यास करण्यासारखं काही नाही. पण त्या गाण्यांना चाली देणारा एमेरिश काल्मान ज्यू होता. चित्रपट ज्या नाटकावर बेतला त्याची संहिता लिहिणारे लेओ श्टाइन आणि बेला येनबाख हे दोघेही ज्यू होते. आणि याच ऊफाने आदल्या वर्षी आपल्याकडच्या ज्यू कलावंतांना आणि कर्मचाऱ्यांना काढायला सुरुवात केली होती.

मग हा चित्रपट निघाला कसा, हा पहिला प्रश्न. दुसरा मला जास्त अस्वस्थ करतो. या कथेतला सगळा विनोद घराण्याच्या शुद्धतेवर उभा आहे. ज्या स्टुडिओत माणसाची जात-कुळी तपासून त्याला काम द्यायचं की नाही हे ठरत होतं, तिथेच कुळाचा तोरा मिरवणाऱ्या एका सरदार घराण्याची फजिती चित्रित होत होती. हे त्या लोकांना खटकलं कसं नाही?

मूळ नाटक

ऑपेरेटा हा आपल्या संगीत नाटकाच्या जवळचा प्रकार. गद्य संवाद, प्रसंगातून निघणारी पदं, एक गंभीर जोडी, एक विनोदी जोडी आणि शेवटी लग्न. ‘दी चार्दाशफ्युर्स्टिन’चा पहिला प्रयोग १७ नोव्हेंबर १९१५ रोजी व्हिएन्नाच्या योहान श्ट्राउस थिएटरमध्ये झाला. महायुद्धाचं दुसरं वर्ष चालू होतं. काल्मानने काम सुरू केलं ते मारीनबादला, दोन्ही लेखकांच्या सोबतीने. मध्येच त्याचा भाऊ वारला आणि काम थांबलं. इतकं आनंदी संगीत अशा काळात पुरं झालं, हे ऐकताना जाणवतही नाही.

सिल्वा वारेस्कू ही बुडापेस्टच्या एका रंगमहालातली गायिका, अमेरिकेच्या दौऱ्यावर निघालेली. व्हिएन्नाच्या लिपर्ट-वायलर्सहाइम घराण्याचा राजपुत्र एडविन तिच्यावर जीव टाकतो. घरच्यांनी मात्र त्याचं लग्न श्टासी या नात्यातल्या मुलीशी ठरवलेलं. निरोपाच्या रात्री एडविन सगळ्यांसमोर नोटरीला बोलावतो आणि आठ आठवड्यांत सिल्वाशी लग्न करीन असं लेखी वचन देतो. कागद होतो, सह्या होतात, रंगमहालातली मंडळी जल्लोष करतात. तेवढ्यात सैन्यातून हुकूम आला म्हणून त्याला तातडीने परत नेलं जातं. तो गेल्यावर सिल्वाच्या हाती दुसरा कागद पडतो: एडविन आणि श्टासी यांच्या साखरपुड्याची छापील पत्रिका. ती एडविनचा मित्र बोनी याला घेऊन अमेरिकेची वाट धरते.

दुसरा अंक व्हिएन्नाच्या वाड्यात. साखरपुडा जाहीर व्हायची वेळ झालेली, वचनाची मुदतही त्याच रात्री संपणार, आणि दारात काउंट बोनी उभा, शेजारी त्याची ‘बायको’. ती अर्थातच सिल्वा. बोनीची नजर श्टासीवर जाते आणि घोळ वाढतो. एडविनला सिल्वा परत मिळाल्याचा आनंद होतो, पण तो बोलून बसतो नको ते: आता ती घटस्फोटित काउंटेस म्हणून आली तर घरचे नाही म्हणणार नाहीत. सिल्वाच्या वर्मी बसतं ते हेच. त्याला ती हवी आहे, पण दुसऱ्याच्या नावाचा शिक्का घेऊन. ती खरी ओळख सांगते, वचनपत्र फाडते आणि निघून जाते. हलक्याफुलक्या नाटकात इतका कडवट क्षण असणं दुर्मीळ आहे. माझ्या मते या नाटकाचं आयुष्य त्यावरच टिकलं.

तिसऱ्या अंकात गाठ सुटते ती फेरीमुळे. हा उतारवयातला रंगेल हंगेरियन सरदार एडविनच्या आईला ओळखतो. राजघराण्यातली ही करारी बाई एकेकाळी स्वतःच रंगमंचावर गात होती. नवरा अवाक होतो, सुनेविषयी बोलायला त्याला तोंड उरत नाही, लग्नं लागतात.

१९१५ च्या प्रेक्षकाला हे कशाबद्दल चाललं आहे ते सांगावं लागत नव्हतं. ऑस्ट्रियाचा युवराज फ्रांत्स फर्डिनांड याने १९०० मध्ये सोफी खोटेकशी लग्न केलं तेव्हा ती तोलामोलाच्या घराण्यातली नाही म्हणून त्यांच्या मुलांना गादीच्या वारशातून वगळलं गेलं होतं. ते दोघे जून १९१४ मध्ये मारले गेले आणि युद्ध पेटलं.

काल्मानने ही दरी संगीतातच मांडली. सिल्वाचं प्रवेशगीत ट्रान्सिल्व्हेनियाच्या डोंगरांची आठवण काढत संथ लयीत सुरू होतं. हा चार्दाशचा पहिला भाग. मग लय एकदम उसळते आणि दुसरा, जलद भाग सुरू होतो. व्हिएन्नाच्या वाड्यात शिरलं की वॉल्ट्झ डौलाने फिरू लागतो. काल्मान स्वतः हंगेरीतल्या शिओफोकचा. बुडापेस्टला ज्या गुरूकडे बार्टोक आणि कोदाय हे हंगेरीचे थोर संगीतकार शिकले, त्याच हान्स कोस्लरकडे तोही शिकला. त्यामुळे त्याचा चार्दाश पर्यटकांसाठी सजवलेला वाटत नाही.

बर्लिन, मार्च १९३३

२८ मार्च १९३३ रोजी नव्या नाझी सरकारचा प्रचारमंत्री गोबेल्स याने बर्लिनच्या कायझरहोफ हॉटेलमध्ये चित्रपट व्यावसायिकांसमोर भाषण केलं. दुसऱ्याच दिवशी ऊफाच्या संचालक मंडळाची बैठक झाली आणि ज्यू कलावंत व कर्मचाऱ्यांचे करार शक्य तिथे संपवायचा निर्णय झाला. तोवर असा कायदा झालेला नव्हता. कुणी हुकूम काढायच्या आधीच कंपनी पुढे झाली होती, हे या प्रकरणात विसरून चालणार नाही. ऊफाचा सर्वांत यशस्वी निर्माता एरिश पोमर याला कंपनी सोडावी लागली. १९३१ मध्ये याच कंपनीला ‘डेअर कोंग्रेस टांट्स्ट’सारखा गाजलेला संगीतपट देणारा दिग्दर्शक एरिक शारेल हाही बाहेर पडला.

शारेलचं प्रकरण कोर्टात पोचलं. ऊफाने पुढच्या चित्रपटासाठी आधी दिलेली रक्कम परत मागितली. करारात एक कलम होतं: आजारपण, मृत्यू किंवा तशाच कारणाने दिग्दर्शकाला काम करता आलं नाही तर कंपनीला माघार घेता येईल. लाइपझिगच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जून १९३६ रोजी निकाल कंपनीच्या बाजूने दिला. ज्यू असणं हे या कलमातल्या कारणांच्या बरोबरीचं आहे, असा त्याचा अर्थ. धडधाकट, हयात माणूस कायद्याच्या भाषेत मेल्यासारखा झाला. जर्मन न्यायव्यवस्थेच्या ऱ्हासाचा अभ्यास करणारे आजही या निकालाकडे वळतात. त्याचं मूळ एका संगीतपटाच्या करारात आहे.

मग काल्मान चालला कसा?

चार गोष्टी एकत्र आल्या, असं मला वाटतं.

१९३३-३४ मध्ये नियमांचा रोख प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसांवर होता. जून १९३३ च्या आदेशाने ‘जर्मन चित्रपट’ ठरायला त्यात काम करणारे जर्मन वंशाचे असणं आवश्यक झालं. फिल्मचेंबर या चित्रपट व्यावसायिकांच्या सरकारी संघटनेचं सदस्यत्व सक्तीचं झालं आणि त्यासाठी वंशाची माहिती द्यावी लागू लागली. वीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या ऑपेरेटाचे हक्क विकत घेणं मात्र अजून वेगळ्या खात्यात मोडत होतं. शिवाय काल्मान जर्मन नागरिक नव्हता, व्हिएन्नात राहणारा हंगेरियन होता, आणि त्याला स्टुडिओत पाऊल ठेवायची गरज नव्हती.

दुसरं, ऊफाशी त्याचं नातं जुनं होतं. या ऑपेरेटावर १९२७ मध्ये मूकपट निघालेला होता, हान्स श्वार्त्सच्या दिग्दर्शनाखाली, लियाने हाइडला घेऊन. गाण्यांसाठी प्रसिद्ध नाटकाचा मूकपट आज विचित्र वाटेल, पण थिएटरात वाद्यवृंद असे आणि चाली लोकांच्या कानात असत. त्याचा दिग्दर्शक श्वार्त्स यालाही पुढे जर्मनी सोडावी लागली. १९३१ मध्ये तर काल्मानने ऊफाच्या ‘रोनी’साठी थेट पडद्याकरता संगीत दिलं होतं.

तिसरं कारण पैशाचं. ऊफा बोलपटाची अनेक भाषांतली रूपं एकाच वेळी काढत असे: सेट तेच, कपडे तेच, नट बदलायचे. या चित्रपटाचीही फ्रेंच आवृत्ती निघाली, नायिकेच्या जागी मेग लेमोनिए. फ्रान्समध्ये ऊफाची वितरण कंपनी होती आणि काल्मानचं नाव तिथे चालत होतं. नवी विचारसरणी मान्य, पण परदेशी तिकीटविक्रीही हवी.

चौथं, सत्ता अजून घडी बसवत होती. ज्यू आईचा मुलगा राइनहोल्ड श्युन्त्सेल खास परवानगीवर १९३७ पर्यंत बर्लिनमध्ये चित्रपट काढत राहिला. कुणाला कधी सूट मिळेल आणि कधी ती काढून घेतली जाईल, हे वरच्यांच्या मर्जीवर होतं.

ही चार कारणं वाचून कुणाला वाटेल की सुरुवातीचा काळ थोडा सैल होता, माणसं अजून सावरत होती. मला ते मान्य नाही. कंपनीने माणूस बाहेर काढला आणि त्याचा माल ठेवून घेतला. यात सहिष्णुता शोधणं म्हणजे घर बळकावणाऱ्याने भिंतीवरचं चित्र उतरवलं नाही म्हणून त्याच्या रसिकतेचं कौतुक करणं.

पडद्यावरची माणसं

दिग्दर्शक गेओर्ग याकोबी मूकपटाच्या जमान्यातला, सफाईदार, वेळेत काम पुरं करणारा. गाणं सुरू झालं की गोष्ट खोळंबू नये, याचं भान त्याला होतं. पण चित्रपटाचा खरा आधार मार्टा एगर्ट आहे. बुडापेस्टला १९१२ मध्ये जन्मलेली, आई स्वतः गायिका. व्हिएन्नात काल्मानच्याच एका ऑपेरेटात आजारी पडलेल्या आडेले केर्नच्या जागी उभं राहायची संधी तिला मिळाली, तीही काल्मानच्या शिफारशीने. म्हणजे ज्या संगीतकाराने तिला रंगमंच दाखवला त्याचीच नायिका ती पडद्यावर साकारत होती. तिचा आवाज मोकळा, वरच्या पट्टीत सहज जाणारा. आणि त्या काळच्या ध्वनिमुद्रणातही शब्द स्पष्ट पोचतात. पुढे ती पती, गायक यान कीपुरा, याच्याबरोबर अमेरिकेत गेली. १९४३ मध्ये न्यूयॉर्कला दोघांनी ‘मेरी विडो’ केलं. २०१३ मध्ये ती वारली तेव्हा वयाची शंभरी ओलांडलेली होती.

एडविन झालेला हान्स झ्योन्कर देखणा, थोडा बुजरा. युद्धकाळात त्याने बर्लिनमधल्या ज्यूंना लपायला मदत केली आणि त्याबद्दल याद वाशेम या इस्रायलच्या ज्यू नरसंहार स्मारक संस्थेने त्याचा मरणोत्तर गौरव केला. फेरीच्या भूमिकेतल्या पाउल होर्बिगरला १९४५ च्या सुरुवातीला व्हिएन्नात प्रतिकार चळवळीला मदत केल्यावरून अटक झाली. बीबीसीने तर त्याच्या मृत्यूची बातमीही दिली, पण तो वाचला. बोनी झालेला पाउल केंप हा विनोदी नट म्हणून लोकांचा लाडका होता. एडविनच्या आईच्या भूमिकेत ईडा व्युस्ट.

बेला येनबाखची गोष्ट मात्र इथेच सांगायला हवी. १९३८ नंतर व्हिएन्नात तो एका तळघरात लपून राहिला आणि जानेवारी १९४३ मध्ये वारला. काल्मान १९३८ मध्ये व्हिएन्ना सोडून झ्युरिक, पॅरिस आणि १९४० मध्ये अमेरिकेला पोचला. त्याच्या दोन बहिणींना हंगेरीतून बाहेर पडता आलं नाही, त्या मारल्या गेल्या.

कागद खरा कुणाचा?

लेओ श्टाइन १९२१ मध्येच वारला होता, त्यामुळे त्याला यातलं काही पाहावं लागलं नाही. पण त्याच्या लेखणीची गत पाहण्यासारखी आहे. ‘दी चार्दाशफ्युर्स्टिन’च्या दहा वर्षं आधी, १९०५ मध्ये, त्याने व्हिक्टर लेओनबरोबर ‘दी लुस्टिगे वित्वे’ लिहिलं, म्हणजेच ‘मेरी विडो’. संगीत फ्रांत्स लेहारचं. हे हिटलरचं आवडतं ऑपेरेटा. लेहार ज्यू नव्हता म्हणून ते चालत राहिलं, त्याच्या ज्यू पत्नीलाही संरक्षण मिळालं. काल्मानची ऑपेरेटा मात्र जर्मन रंगमंचावरून हद्दपार झाली. लेखक एकच, पण संगीतकाराच्या कुळावरून एक संहिता राजमान्य आणि दुसरी निषिद्ध. ‘मेरी विडो’चा पहिला नायक लुई ट्रॉयमान १९४३ मध्ये टेरेझीनच्या छावणीत मेला. लेहारचा दुसरा लेखक फ्रिट्झ ल्योनर-बेडा ऑशविट्झमध्ये मारला गेला.

याहून धक्कादायक प्रकार योहान श्ट्राउसचा. वॉल्ट्झचा हा राजा जर्मन संस्कृतीचा मानबिंदू म्हणून मिरवला जात होता, पण त्याच्या वडिलांचे आजोबा धर्मांतरित ज्यू होते आणि १७६२ सालची त्यांच्या लग्नाची नोंद व्हिएन्नाच्या सेंट श्टेफान चर्चच्या वहीत होती. राजवटीने ती वही बर्लिनला नेली आणि प्रत बनवताना ती नोंद गाळली. वंशाच्या शुद्धतेवर राज्य उभारणाऱ्यांनी स्वतःच वंशाचा दाखला खोटा केला.

हे कळल्यावर ‘दी चार्दाशफ्युर्स्टिन’ पाहताना नजर कागदांवर खिळते. नोटरीपुढचं वचनपत्र, साखरपुड्याची पत्रिका, बोनी आणि सिल्वाचं बनावट लग्न, आईचा दडवलेला भूतकाळ. प्रत्येक कागद काहीतरी लपवतो आणि प्रत्येक वेळी माणसाचं मन कागदापेक्षा खरं निघतं.

तरीही या चित्रपटात राजवटीविरुद्धचा छुपा प्रतिकार शोधायला मी तयार नाही. मुळात नाटकाचा शेवटच सुरक्षित आहे. फेरी आईचं गुपित फोडतो तेव्हा घराण्यांची उतरंड मोडत नाही. आपलं घर आधीच ‘बाटलेलं’ होतं एवढंच कळतं आणि सगळे हसून पुढे जातात. सिल्वाने दुसऱ्या अंकात विचारलेला प्रश्न, मी जशी आहे तशी चालणार आहे का, याला तिसरा अंक उत्तरच देत नाही. म्हणूनच कदाचित तो कुणाला बोचला नसावा. सरदार-दरकदारांची थट्टा चालत होती, कारण ती ऑस्ट्रियाच्या जुन्या हाब्सबुर्ग राजघराण्याच्या जगाची होती. आपल्या दारातल्या वंशावळ्या प्रेक्षकाला आठवायची गरज नव्हती.

त्याच वर्षी मुंबईत

याच जगातून फेकला गेलेला एक माणूस १९३४ मध्येच मुंबईत उतरला. कार्ल्सबादचा वाल्टर काउफमान, बर्लिनमध्ये ऑपेराचं काम केलेला ज्यू संगीतकार. त्याने मुंबईत चेंबर म्युझिकची संस्था उभी केली, मोहन भवनानींच्या चित्रपटांसाठी काम केलं, आकाशवाणीत नोकरी केली. सकाळी रेडिओ लावल्यावर ऐकू येणारी आकाशवाणीची ती ओळखीची धून त्याच्याच नावावर सांगितली जाते. त्याच वर्षी मालाडला बॉम्बे टॉकीज सुरू झाली. तिथला दिग्दर्शक फ्रांत्स ओस्टेन म्युनिकचा. पुढे तो नाझी पक्षाचा सदस्य झाला. देविका राणी यांनी तर ऊफाच्याच स्टुडिओत धडे घेतले होते. बर्लिनमधल्या त्या फाटाफुटीचे दोन्ही तुकडे मुंबईच्या चित्रसृष्टीत येऊन पडले, हे आपल्याकडे फारसं लिहिलं जात नाही.

दुसऱ्यांदा तेच

१९५१ मध्ये पश्चिम जर्मनीत ‘दी चार्दाशफ्युर्स्टिन’ पुन्हा निघाला, या वेळी रंगीत. दिग्दर्शक तोच, गेओर्ग याकोबी. नायिका त्याची पत्नी मारिका र्योक, नायक योहानेस हेस्टर्स, दोघेही नाझी काळातले सर्वांत चमकते तारे. युद्धानंतर याकोबी आणि र्योक यांच्यावर काही काळ कामबंदी होती, ती उठली होती. मधल्या सतरा वर्षांत संगीतकार परागंदा झाला, एक लेखक तळघरात मेला. दिग्दर्शक मात्र त्याच नोटरीला त्याच प्रसंगात पुन्हा उभा करू शकला. याकोबीला खलनायक ठरवायचा माझा हेतू नाही. पण नाझी काळातला करमणुकीचा कारखाना युद्धानंतर किती सहज चालू राहिला, याचा याहून ठळक नमुना मला माहीत नाही. काल्मान तेव्हा हयात होता. तो १९५३ मध्ये पॅरिसला वारला.

सोव्हिएत संघात हीच ऑपेरेटा ‘सिल्वा’ या नावाने अफाट लोकप्रिय होती. १९४४ मध्ये, युद्ध चालू असताना, स्वेर्दलोव्स्कच्या स्टुडिओने तिचा चित्रपट काढला. १९७१ ची मिक्लोश सिनेतारची आवृत्ती, आना मोफो आणि रेने कोलोची, गाण्यांसाठी ऐकावी.

कुठल्या फिल्म सोसायटीने १९३४ चा चित्रपट दाखवायचं मनावर घेतलं तर माझी सूचना साधी आहे. आधी पाच मिनिटं काढून शारेलच्या करारातलं ते कलम आणि १९३६ चा निकाल प्रेक्षकांना वाचून दाखवा, येनबाख आणि श्टाइन यांची नावं मोठ्याने घ्या, आणि मगच चित्रपट सुरू करा. एगर्टच्या गाण्याला दाद द्यायला त्याने काही अडत नाही. नंतर चर्चा ठेवायची असेल तर दुसऱ्या अंकातल्या एडविनच्या त्या वाक्यापासून सुरू करा: घटस्फोटित काउंटेस म्हणून आलीस तर चालेल.